बत्तिसावी भट्टी

२ मार्च २०१४, रविवार

सात नंबर गेली!

चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर सहज तिथल्या सभागृहामागे गेलो, तर काँक्रीटच्या ओट्यावर माझ्या भट्टीच्या जागी दुसरीच उभी. काळाभोर रंग, तारेच्या वेटोळ्याच्या मुठी. जळणपेटीच्या झाकणावर जिथे वेल्डिंगच्या ओघळाने ‘७ — ए. कुबेना, १९८६’ असे उठवलेले असे, तिथे ‘ओलिव्हारेझ’. अठ्ठावीस वर्षे चर्चच्या जूनमधल्या मेळ्याचे सगळे मांस सात नंबरने शिजवले. आणि मला कोणी विचारलेसुद्धा नाही!

आल्फॉन्स व्ह्राना मेळ्याच्या समितीचा अध्यक्ष. त्याला तिथेच गाठले.

“अरे, फुकट दिली त्याने, एमिल! जुनी द्या, नवी घ्या. नाही कशाला म्हणायचं?”

“आणि जुनीचं काय करतो तो?”

“कापत असेल. मला काय माहीत!”

हे बोलताना तो माझ्याकडे पाहत नव्हता. स्वतःच्या बुटांकडे पाहत होता.

४ मार्च

यादी काढली. शाळेच्या वेल्डिंग वर्गात माझ्या हाताखाली एकतीस वर्षांत एकतीस भट्ट्या झाल्या, दरवर्षी एक. त्यांपैकी सत्तावीस रुबेन ओलिव्हारेझने गेल्या सहा वर्षांत उचलल्या. एक पुरात वाहून गेली. दोन ओक्लाहोमात आहेत. उरली एक नंबर, ती माझ्या परसात. तीही मागायला येईल. येऊ दे!

एकतीस वर्षांत मी एकाच मुलाला नापास केले. तो हाच. १९९६ साली घासकाम करायचे नाही म्हणून ग्राइंडर खाली ठेवून वर्गातून निघून गेला. ज्याला एक नळकांडे घासायचा आळस, तो आज जिल्हाभर भट्ट्या बांधून विकतो. मापे माझी. बिजागऱ्यांचे तंत्र माझे. आणि मूळ भट्ट्या मात्र गोळा करून मोडीत घालतो! शिक्षकाचे नाव जिल्ह्यातून खरवडून काढायचे, एवढाच याचा अर्थ मला लागतो. दुसरा लागत असेल तर कोणी समजावून सांगावा.

ठरले. बत्तिसावी बांधायची. १ जूनला ती त्या ओट्यावर उभी राहील, झाकणावर नाव आणि आकडा घेऊन.

६ मार्च

आल्फॉन्सला सांगितले. “आण की,” म्हणाला, “ओट्यावर दोन मावतात. जिचं मांस चांगलं, ती पुढची वीस वर्षं राहील.” मी हे लेखी मागितले. तो हसला. मी हसलो नाही.

७ मार्च, शुक्रवार

ईस्टरआधीच्या उपासकाळातला शुक्रवार, मांस नाही. बायकोने, जॉर्जीनने, मासे तळले. ताटाशेजारी कागद घेऊन गणित मांडले.

तत्त्व सोपे आहे, आणि सोपे असल्यामुळेच लोक त्याची हेळसांड करतात. आग मांसाखाली नसावी. शेजारी असावी, आणि जरा खालच्या पातळीवर. तापलेली हवा वर चढते, जळणपेटीतून शिजवणीच्या कोठीत शिरते, मांसावरून वाहत पलीकडच्या टोकाच्या धुराड्यातून बाहेर पडते. म्हणजे भट्टी ही वस्तुतः आडवी झोपवलेली चिमणी आहे! तिचे काम धूर कोंडणे नव्हे. तिचे काम वाहणे. कोंडलेला धूर मांसाला कडू करतो. वाहता धूर त्याला गोडवा देतो. हे वाक्य मी एकतीस वेळा फळ्यावर लिहिले आहे.

आता मापे. नळकांड्याचा व्यास चोवीस इंच. कोठीची लांबी सहा फूट, जळणपेटीची दोन. म्हणजे घनफळ बरोबर एकतृतीयांश. दोहोंमधले तोंड चंद्रकोरीसारखे, मध्यावर पावणेआठ इंच उंच. धुराडे सहा इंच व्यासाचे, पंचवीस इंच लांब. यापेक्षा लांब केले तर आग हावरट होते, आखूड केले तर सुस्त. किती देखणे आहे हे सगळे! एक आकडा हलवला की बाकीचे सगळेच हलतात. जणू एकाच कुटुंबातले.

“एमिल,” जॉर्जीन म्हणाली, “वर्ग सुटून चार वर्षं झाली. मासा गार होतोय.”

८ मार्च

गोठ्यामागच्या छपरातून नळकांडे बाहेर काढले. ट्रॅक्टर, साखळी, दोन तास. शेवटच्या वर्षी आले होते आणि शाळेने वर्गच बंद केल्यामुळे तसेच पडून राहिले. साडेनऊ फूट. जाडी तीनअष्टमांश इंच. असे पोलाद आता कोण देतो?

नदीकाठच्या तेलविहिरींची कंपनी देत असे. तेलाबरोबर जमिनीतून खारे पाणी वर येते. ते वेगळे करण्याच्या जुन्या टाकीचा एक तुकडा दरवर्षी शाळेला भेट. इतकेच नव्हे, आमचे उरलेले काप आणि चुरासुद्धा ते स्वतःचा ट्रक पाठवून परत घेऊन जात, शाळेला तोशीस नको म्हणून. एवढे सौजन्य आता कुठे उरले आहे? दर मे महिन्यात मी आभाराचे पत्र लिहीत असे, वर्गाच्या सह्यांसकट.

१५ मार्च, शनिवार

आखणी केली. एक टोक गंजून दातरले होते, दीड फूट. ते कापून बाजूला टाकले. उरले आठ फूट. सहा अधिक दोन. कंपनीने जणू मापूनच दिले होते!

काप थंड होत होता तेवढ्यात फाटकातून रुबेन आला. टोपी हातात. चाळिशीकडे झुकला आहे, पण माझ्यासमोर अजून वर्गातल्यासारखा उभा राहतो.

“सर, ही नळी… कंपनीचीच का?”

“कंपनीचीच. का?”

“आतून घासली नाहीत ना अजून?”

या माणसाने मला घासण्याबद्दल विचारावे!

“मला द्या, सर. बदल्यात नवी आणून देतो, याच मापाची, हिच्याहून जाड. आज संध्याकाळपर्यंत.”

“सत्तावीस पुरल्या नाहीत? बत्तिसावी तर अजून जन्मालाही आलेली नाही!”

“तसं नाही सर. ऐका तर—”

“तुझी गाडी माझ्या गवतावर उभी आहे.”

टोपी घालून गेला. जॉर्जीन ओसरीवरून ओरडली, “निदान कॉफी तरी विचारायची होतीस त्याला! आईने शिकवलं नाही काय तुला?”

मोडीत घालणाऱ्याला कॉफी!

२२ मार्च

आज घासकाम. संपूर्ण दिवस.

कामाचा आत्मा इथे असतो. जोडकाम कोणीही शिकेल. हात स्थिर असला की झाले. घासकामाला चारित्र्य लागते. नळकांड्याच्या आत कडक, पांढुरका-तपकिरी थर असतो, जुन्या किटलीच्या बुडाशी धरतो तसा. पुष्कळ लोक तो तसाच ठेवून वर आग पेटवतात. माझ्या वर्गात ते चालत नसे. तारेचा गोल ब्रश ग्राइंडरला लावायचा, डोके आणि खांदे आत घालायचे, आणि स्वतःचा चेहरा दिसेपर्यंत थांबायचे नाही. ‘चेहरा दिसेपर्यंत’ — हा माझा नियम. मुले कुरकुरत. पण वर्षअखेर तीच मुले पालकांना हात धरून आणून आत डोकवायला लावत.

अडुसष्टाव्या वर्षी मला सहा तास लागले. पण दिसला चेहरा! मिशी पांढरीशुभ्र झालेली.

“मैद्याच्या पोत्यात पडलास काय?” जॉर्जीनने अंगणातच कपडे उतरवायला लावले आणि कुंपणावर टाकून काठीने झोडपले. नेहमीप्रमाणे.

२४ मार्च

खोकला. ओकचा मोहोर उडतो आहे, गाडीच्या काचाही पिवळ्या.

५ एप्रिल

दारात खोका. आत तोंडाला लावायचा मुखवटा, दोन्ही बाजूंना गोल गाळण्या. चिठ्ठी: ‘सर, घासताना कृपया लावा. — रुबेन.’

मला! घासकाम! हा शिकवणार!

खोका टपालाने परत पाठवला. चिठ्ठीच्या मागे लिहिले: ‘काम झाले आहे. १९९६ साली तुझे राहिले होते, ते तू पूर्ण कर.’

चांगले लिहिले गेले, असे वाटले. अजून वाटते.

१२ एप्रिल

दार कापले. इथे नव्वद टक्के लोक फसतात, म्हणून नीट नोंदवून ठेवतो.

नळकांड्यात जुना ताण दडलेला असतो. एका दमात चारही बाजू कापल्या, तर सुटलेला पत्रा धनुष्यासारखा उघडतो आणि मग तो दार म्हणून कधीच बसत नाही. कितीही ठोका. म्हणून आधी फक्त वरची बाजू कापायची. लगेच तिथे बिजागऱ्या जोडून टाकायच्या. पत्रा अजून तीन बाजूंनी आईला धरून आहे, तोवरच त्याचे लग्न लावायचे! मग उरलेल्या तीन बाजू. दार स्वतःच्या चौकटीत असे बसते की कागद सरकत नाही.

बसले. कागद सरकला नाही. वही बाजूला ठेवून दहा वेळा उघडले-मिटले.

रुबेनच्या प्रत्येक भट्टीचे दार असेच बसते. हे त्याला कोणी शिकवले? नापास होण्याआधी तेवढे घेऊन गेला!

३ मे, शनिवार

पहिली आग!

ओकची दोन वर्षे वाळलेली लाकडे. चाळीस मिनिटांत धूर पांढऱ्याचा निळा झाला, आणि मग जवळजवळ दिसेनासा. तोच खरा. मी जॉर्जीनला हाक मारून न दिसणारा धूर दाखवला. “छान आहे,” ती म्हणाली, “काहीच दिसत नाही.”

मग पिठाची परीक्षा. जॉर्जीनने कोलाचेचे, म्हणजे आमच्या गोड पावाचे, चोवीस गोळे वळून दिले. ते जाळीवर सहाच्या चार रांगांत मांडले. पंचवीस मिनिटांनी जो गोळा करपला तिथे उष्णता जास्त, जो फिकट राहिला तिथे कमी. म्हणजे भट्टी स्वतःचा नकाशा स्वतः काढून देते. जळणपेटीलगतचे दोन जरा काळवंडले. बाकी बावीस सारख्या सोनेरी रंगाचे! इतका सम नकाशा मला एकतीस वेळांत एकदाही मिळाला नव्हता.

आम्ही दोघांनी मिळून अकरा खाल्ले, जर्दाळूच्या मुरंब्याबरोबर. खूप दिवसांनी ती माझ्या एखाद्या कामावर इतकी हसली.

झाकणावर अक्षरे उठवली. ३२ — ए. कुबेना, २०१४. आता येऊ दे १ जून.

६ मे

पशुखाद्याच्या दुकानात रुबेन समोर आला. सातआठ माणसे होती, त्यांतले निम्मे माझे विद्यार्थी. मला राहवले नाही.

“बत्तिसावी झाली, बरं का! तिलाही घेऊन जा. कापून कुठे पुरतोस माझ्या भट्ट्या?”

“कापत नाही, सर.”

“मग काय करतोस? पूजा?”

दुकानदाराने पावतीपुस्तक उघडले आणि मिटले. कोणी माझ्याकडे पाहिना, कोणी त्याच्याकडे पाहिना. शेवटी रुबेनच म्हणाला, “एकदा घरी या सर. सावकाश बोलू.”

मी म्हणालो, चोराच्या घरी मी जात नाही.

अख्खे दुकान शांत. निदान गावाला अजून न्याय-अन्याय कळतो.

१० मे, शनिवार

क्रमाने लिहितो. क्रम सोडायचा नाही.

सकाळी कोठार आवरले. मोडके कुंपण, तारा, जुना नांगर आणि नळकांड्याचे ते दीड फुटाचे गंजके टोक, न घासलेले, असे सगळे ट्रकमध्ये घालून शेजारच्या गावच्या भंगारखान्यात नेले. शाळेचे उरलेले पोलाद कंपनीच नेत असे, त्यामुळे असे टोक घेऊन मी आयुष्यात प्रथमच भंगारखान्यात गेलो. फाटकाच्या दोन्ही बाजूंना पिवळे खांब आहेत. मधून गाडी गेली की काटा वजन दाखवतो, असा माझा समज.

भोंगा वाजला. लाल दिवा.

काचेच्या खोलीतली बाई बाहेर आली. “मागे घ्या गाडी, काका. पुन्हा या हळू.”

पुन्हा भोंगा.

तिने हातातले यंत्र ट्रकच्या कडेने फिरवले. तारांजवळ गप्प. नांगराजवळ गप्प. त्या टोकाजवळ इतके कडकडले की तिने हात मागे घेतला.

“कुठून आणलंत हे?”

मी सांगितले.

“तेलवाल्यांची नळी,” ती मागे वळून कोणाला तरी म्हणाली, पाव मागवावा तशा सुरात. “आणखी एक.” मग मला: “आम्ही घेत नाही, काका. कोणीच घेत नाही. आत हात घालू नका, आणि घासू तर अजिबात नका हं. सरकारी माणसाला फोन करते मी.”

घासू तर अजिबात नका.

११ मे, रविवार

मिस्सेला गेलो नाही.

१४ मे

राज्याच्या आरोग्य खात्याचा माणूस आला. पस्तिशीचा, सभ्य. त्याने समजावून सांगितले आणि मी ऐकून घेतले. उलट बाजूला बसायची मला सवय नाही.

खाऱ्या पाण्यातून जमिनीतले किरणोत्सर्गी रेडियम वर येते. बेरियमच्या क्षाराबरोबर नळीच्या आतल्या अंगाला साकळते. तोच तो पांढुरका-तपकिरी थर. शेजारी उभे राहिल्याने फारसे काही होत नाही. भट्टीत शिजवलेल्या मांसाचेही विशेष नाही. आम्ही खाल्लेल्या गोळ्यांबद्दल मी दोनदा विचारले; दोन्ही वेळा त्याने काही होणार नाही अशी मान हलवली. धोका धुळीचा. श्वासाबरोबर आत गेली, की शरीर तिला कॅल्शियम समजते आणि हाडात नेऊन ठेवते.

का समजते, हे त्याने सांगण्याआधी मीच सांगितले. मूलद्रव्यांच्या तक्त्यात दोघे एकाच उभ्या रांगेत आहेत. तो तक्ता माझ्या वर्गाच्या भिंतीवर होता! एकतीस वर्षे! त्याच्याखाली उभे राहून मी मुलांना नळकांड्यात डोके घालायला लावले. चेहरा दिसेपर्यंत.

“मुखवटा वापरत होते का विद्यार्थी?”

“डोळ्यांना चष्मा सक्तीचा होता,” मी म्हणालो. आणि माझ्या आवाजात अजून अभिमान होता, तो मला ऐकू आला.

“बहुतेकांना काहीच होत नाही,” तो म्हणाला. तीनशे ऐंशीच्या वर मुले. ‘बहुतेक’ म्हणजे किती, हे त्याला सांगता येईना.

तो गेल्यावर जॉर्जीन बराच वेळ भांडी पुसत राहिली, कोरडी झाली तरी. मग म्हणाली, “तुझे कपडे एकतीस वर्षं मी झटकले, एमिल.”

एवढेच.

१५ मे

कंपनीला फोन. ती कंपनी आता नाही. दुसरीने घेतली, दुसरीला तिसरीने. तिसरीतल्या मुलीने माझे नाव तीनदा विचारून तीनदा चुकीचे लिहून घेतले.

त्यांना ठाऊक होते! म्हणून ट्रक पाठवत. मुलांनी घासून खाली पाडलेला चुरासुद्धा पोत्यांत भरून नेत, आणि नेणाऱ्यांच्या हातांत हातमोजे असत, कोपरापर्यंत. मी ते पाहिले होते. मी त्याला शिस्त समजलो! मुलांना दाखवून म्हणालो होतो — बघा, काम असे करतात!

१७ मे, शनिवार

रुबेनकडे गेलो. चोराच्या घरी जात नाही म्हणालो होतो, गेलो.

घरामागे कुंपण घातलेली लांब शेड. त्याने कुलूप काढले. आत माझ्या भट्ट्या. सत्तावीस. कापलेली एकही नाही. रांगेने, आकड्यांच्या क्रमाने, लाकडी ओंडक्यांवर. प्रत्येकीची दारे, धुराडे, जळणपेटी, सगळी तोंडे पत्रा जोडून बंद केलेली. शिवण सरळ आणि एकसारखी. मी शिकवली होती तशी. त्याहून चांगली.

“कापलं की धूळ,” तो म्हणाला. “भंगारवाला घेत नाही. सरकारी ट्रक कधीतरी येईल, तोवर तोंडं बंद.”

“या घासलेल्या आहेत. मी प्रत्येक तपासली होती.”

“बहुतेक जागी स्वच्छच आहेत, सर. पण कोपऱ्यात, जाळीच्या पट्टीखाली यंत्र बोलतं. आणि लोक दोन वर्षांनी एकदा आतून खरवडतात ना. पोरंबाळं शेजारीच असतात.”

“आणि वर्गातली मुलं?”

“भट्टी उचलताना प्रत्येकाला सांगत होतो. छाती तपासून घ्या, डॉक्टरला सांगा काय घासलंय ते. गाव सोडून गेलेत त्यांना फोन केले. सगळे नाही सापडले.”

“म्हणजे गावाला ठाऊक आहे.”

“हो.”

“आल्फॉन्सला?”

“हो सर.”

दुकानातली ती शांतता! ती माझ्या बाजूची नव्हती. सगळे माझी लाज राखत होते!

“सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं,” तो म्हणाला, “सरांना नको सांगायला. जिवाला लावून घेतील.”

“कोणी ठरवलं? माझी मुलं! माझा वर्ग! माझ्यापासून लपवणारे तुम्ही कोण? मी एखादं म्हातारं कुत्रं आहे का, आवाज होऊ नये म्हणून शेजारच्या खोलीत कोंडलेलं? आणि तुला सहा वर्षांपासून ठाऊक—”

“त्याआधीपासून, सर. बाबा टाक्या साफ करायला जायचे, कंपनीच्या ठेकेदाराकडे.”

“मग वर्ग सोडलास त्याच दिवशी का नाही सांगितलंस? का नाही?”

त्याने कुलूप लावले. हात पँटला पुसले. घाई नाही.

“सर, तुमच्या वह्या आहेत ना अजून? रोजच्या? सगळं लिहून ठेवायचात तुम्ही.”

“वह्यांचा इथे काय संबंध?”

“काही नाही. कॉफी घेणार?”

मी घेतली नाही.

१८ मे

बत्तिसावीची तोंडे बंद केली. एक नंबरचीही. तीन तास लागले. मुखवटा लावून. तो रुबेनने कालच गाडीच्या सीटवर ठेवला होता, माझ्या नकळत.

आल्फॉन्सला कळवले की मेळ्याला ओलिव्हारेझची भट्टी असेल. “बरं,” म्हणाला. आणि मग, “एमिल, मी तुला…” मी फोन ठेवला. कीव मला नको!

राग जात नाही. कंपनीवर आहे, गावावर आहे, आणि खरे लिहायचे तर सर्वांत जास्त रुबेनवर. एक वाक्य! एक वाक्य बोलला असता, तर वर्षानुवर्षांची मुले वाचली असती. वर्ग सोडून जायला जमते, आणि तोंड उघडायला जमत नाही?

१९ मे

चर्चच्या रविवारच्या पत्रकासाठी सूचना लिहिली. चार मसुदे फाडले. हा पाचवा:

‘१९८० ते २०१० या काळात माझ्या वेल्डिंग वर्गात ज्यांनी नळकांडी घासली, त्या सर्वांनी छातीची तपासणी करून घ्यावी आणि मला फोन करावा. ती नळकांडी किरणोत्सर्गी होती. या धोक्याची मला कोणीही, कधीही कल्पना दिली नव्हती. वर्ग माझा होता, नियम माझा होता. — एमिल कुबेना.’

जॉर्जीनला वाचून दाखवली. तिसऱ्या वाक्यापाशी ती म्हणाली, “खात्री आहे?”

“अर्थात!”

“मग रुबेन वह्यांचं कशाला म्हणाला?”

२१ मे

वह्या माळ्यावर होत्या, वर्षांच्या क्रमाने. शोधायला चार मिनिटेही लागली नाहीत.

‘१७ ऑक्टोबर १९९६, गुरुवार. रुबेन ओलिव्हारेझने आज घासण्यास नकार दिला. म्हणतो, बाबा सांगतात की नळीतला थर वाईट असतो, हात लावू नकोस, बाकीच्या मुलांनाही लावू देऊ नकोस. मी विचारले, तुझ्या बाबांनी रसायनशास्त्र कुठल्या विद्यापीठात केले? वर्ग खूप हसला. शून्य दिले.’

अक्षर सुवाच्य आहे.

सूचनेतले तिसरे वाक्य खोडले.